विस्कॉन्सिनचा फुटबॉलचा रविवार कोल्हापुरात: पहिल्यांदा बेत आखणाऱ्यांसाठी

मी मूळची कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. अकरा वर्षं झाली, विस्कॉन्सिन राज्यात ॲपलटनला राहते. इथून ग्रीन बे, म्हणजे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचं गाव, गाडीने पाऊण तासाच्या आत. डिसेंबरात घरी गेलं की दादाचे तालमीतले मित्र दरवर्षी तेच विचारायचे: "तिकडं खाता काय? आणि हातात चेंडू घेऊन पळायचं, त्याला फुटबॉल कसं म्हणता?" कोल्हापूरच्या माणसाचा हा प्रश्न मनापासूनचा असतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी तरुण मंडळ अशी मॅच असली की अख्खी पेठ जिथे लोटते, तिथल्या लोकांना फुटबॉलचं वेड म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही.

तरीही त्यांना इथलं जेवण खाऊ घालून इथली मॅच दाखवायचा माझा बेत पहिल्या दोन वर्षी फसला. पहिल्या वर्षी मी चीज आणि सॉसेज बॅगेत भरून नेलं, ते विमानतळावरच सोडावं लागलं. दुसऱ्या वर्षी मॅच रात्री तीनला लागली आणि सगळे झोपून गेले. तिसऱ्या वर्षी गच्चीवर पंचवीस माणसं जमली, जेवली आणि मध्यरात्र उलटून गेल्यावरही बसून राहिली. मधल्या काळात जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. विस्कॉन्सिनमध्ये नव्याने आलेल्या आणि पहिल्यांदाच घरच्यांना इथलं काही दाखवू पाहणाऱ्या मराठी मंडळींना त्याचा उपयोग व्हावा. तुम्ही टेक्सासला किंवा लुइझियानाला असाल तर पदार्थ बदलतील, पायऱ्या बहुतेक याच राहतील.

१. "अमेरिका" दाखवू नका, आपला प्रांत दाखवा

बर्गर, पिझ्झा, फ्राइज कोल्हापुरात कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. ते खाऊ घालून मित्रांना नवं काहीच कळत नाही. तुम्ही जिथे राहता तिथलं, आणि फक्त तिथलंच, निवडा. विस्कॉन्सिनपुरतं सांगायचं तर माझी निवड अशी: संघ ग्रीन बे पॅकर्स, खायला ब्राट (जर्मन पद्धतीचं सॉसेज), ताजे चीज कर्ड (न मुरवलेल्या चीजचे तुकडे) आणि बूया (कोंबडी, मांस आणि भाज्यांचा रस्सा). शुक्रवारचा फिश फ्राय मलाही फार आवडतो, पण एका रात्रीत सगळं बसवायला गेलात तर तुम्ही चुलीपाशी अडकाल आणि मित्र एकटे टीव्हीपुढे बसतील.

उच्चाराचं आधीच सांगते. ब्राटवुर्स्ट या जर्मन शब्दाचं लघुरूप "ब्राट" असं म्हणायचं. "ब्रॅट" म्हटलंत तर इंग्रजीत त्याचा अर्थ हट्टी, लाडावलेलं कार्टं. मी पहिल्या वर्षी दुकानात तेच मागत होते.

२. बॅगेत काय भरायचं

भारतात उतरताना कस्टम्सच्या फॉर्मवर मांस, दुधाचे, माशांचे आणि पोल्ट्रीचे पदार्थ, तसंच बिया आणि रोपं आणली आहेत का, असं स्पष्ट विचारलेलं असतं. प्राणिजन्य मालाला परवाना लागतो. कारखान्यातून सीलबंद आलेलं चीज चालेल, असं मी गृहीत धरलं होतं. ते चाललं नाही आणि त्या पिशवीच्या नादात तासभर गेला. म्हणून ब्राट नको, चीज नको, लोण्यातली पेस्ट्रीही नको. सगळं तिकडे करता येतं, कसं ते पुढे सांगते.

हे मात्र न्या:

- चीजहेड. चीजच्या तुकड्याच्या आकाराची ही पिवळी फोमची टोपी. रॅल्फ ब्रुनो या तरुणाने १९८७ मध्ये आईच्या सोफ्यातला फोम कापून पहिली टोपी केली आणि ती घालून तो मिलवॉकीला बेसबॉलची मॅच बघायला गेला. पॅकर्सचे चाहते तिच्यामुळे जगभर ओळखले जातात. वजन काहीच नाही, जागा मात्र बरीच खाते. हातातल्या बॅगेत ठेवा. एकच नेलीत तर फोटोसाठी रांग लागते, दोन असाव्यात.
- अमेरिकन फुटबॉलचा खरा चेंडू, हवा काढून. पंपाची सुई वेगळी घ्या, नाहीतर तिकडे हवा भरता येत नाही.
- स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर. चीज आणि मांस दोन्हीला लागतो.
- सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट (चीजसाठी दूध घट्ट धरवणारा पदार्थ). भारतातही ऑनलाइन मिळतं. मिळालं तर तिथेच घ्या. पाकिटावर प्राण्यांपासूनचं नाही हे नीट वाचा, कारण शाकाहारी मित्र तेच पहिल्यांदा विचारतात.
- हिरव्या-पिवळ्या रंगाचे टॉवेल किंवा लोकरी टोप्या, जेवढ्या मावतील तेवढ्या.

तिकडे गोळा करायचं साहित्य: कोळशाची मोठी शेगडी आणि जाळी, लांब चिमटे दोन (एक शाकाहारींसाठी), भांडीवाल्याकडून भाड्याने वीस लिटरचं पातेलं, चिनी मातीची बरणी, केळीची पानं, आणि इंटरनेट बंद पडलं तर मोबाइलवरून जोडता येईल असा टीव्ही.

३. घड्याळ बघा आणि कालनिर्णयही बघा

सगळ्यात जास्त बेत इथेच बिघडतात.

अमेरिकेतली घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जातात. विस्कॉन्सिनला दुपारी बारा वाजता सुरू होणारी मॅच ऑक्टोबरात आपल्याकडे रात्री साडेदहाला असते, डिसेंबरात तीच साडेअकराला. तिकडची दुपारी ३:२५ ची मॅच हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे २:५५ ला येते. दुसऱ्या वर्षी मी हीच निवडली होती. रविवार रात्रीची, म्हणजे तिकडे ७:२० ची मॅच, आपल्याकडे सोमवारी सकाळी ६:५० ला. फेब्रुवारीतली सुपर बोल, म्हणजे हंगामाची अंतिम मॅच, सोमवारी पहाटे पाचला. डिसेंबर-जानेवारीत टीव्हीच्या सोयीसाठी काही मॅचच्या वेळा ऐनवेळी बदलतात, म्हणून निमंत्रण दिल्यावरही आठवडाभर आधी वेळ पुन्हा तपासा.

दुपारी बाराची मॅच धरा. कोल्हापूरला साडेअकरा ही जागायला बरी वेळ आहे.

आता कालनिर्णय. डिसेंबरात मार्गशीर्ष असतो. आमच्या आळीत कित्येक घरी महिनाभर मांस शिजत नाही, काही घरी फक्त गुरुवार पाळतात, खंडोबाचं नवरात्र असलं तर पहिले सहा दिवस वेगळे. एकादशी वेगळीच. यादीतल्या प्रत्येकाला स्वतः फोन करा. "सगळे खातात" असं दादाने सांगितलं म्हणून धरून चालू नका. शिवाय रविवारची मॅच सुरू होऊन अर्ध्या तासात सोमवार लागतो. सोमवार पाळणारे बारानंतर मांसाला हात लावत नाहीत. म्हणून जेवण मॅचच्या आधी, साडेआठ ते अकरा. विस्कॉन्सिनमध्येही लोक खेळाआधीच खातात, त्यामुळे रीत मोडत नाही.

मॅच कुठे दिसणार हे त्या हंगामात तपासा आणि एक दिवस आधी लावून बघा. अमेरिकेतलं सबस्क्रिप्शन भारतातून उघडेलच असं नाही. मंडळी वयस्कर असतील किंवा सकाळी कामावर जाणारी असतील तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत बसवलेली संक्षिप्त मॅच मिळते, ती बुधवारी रात्री आठला लावा. बुधवार मांसाहाराचा वार, आणि कोल्हापुरात तोपर्यंत कुणी स्कोअर फोडत नाही.

४. आधी गावाची गोष्ट सांगा

नियम समजावण्याची घाई करू नका. आधी ग्रीन बे सांगा, कारण ही गोष्ट कोल्हापूर, सांगली, नगरच्या माणसाला मुंबईकरापेक्षा लवकर कळते.

ग्रीन बेची वस्ती सुमारे १ लाख ७ हजार. तिथल्या लॅम्बो फील्डवर ८१ हजारांवर माणसं बसतात. १९१९ मध्ये कर्ली लॅम्बो आणि जॉर्ज कॅल्हून यांनी संघ काढला. लॅम्बो ज्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत कामाला होता तिने कपड्यांचे पैसे दिले, म्हणून नाव पॅकर्स. ती कंपनी इंडियन पॅकिंग कंपनी, पण या नावाचा आपल्या हिंदुस्थानशी काही संबंध नाही. हे सांगून ठेवा, नाहीतर तिथेच चर्चा अडकते.

१९२३ मध्ये पैसे संपले तेव्हा गावाने ५ डॉलरला एक असे शेअर विकत घेतले. तेव्हापासून हा संघ कुणा एका धनिकाचा नाही. आज पाच लाखांवर सभासद आहेत. मी स्वतः २०२१-२२ च्या हिवाळ्यातल्या विक्रीत ३०० डॉलरला एक शेअर घेतला. दादाच्या मित्रांना मी एवढंच म्हटलं, "सहकारी कारखान्यासारखं समजा." सगळे एकदम सरसावून बसले. पहिला प्रश्न: लाभांश किती? शून्य. विकता येतो का? नाही, फार तर घरच्यांच्या नावावर करता येतो. मग मिळतं काय? कागद मिळतो आणि मत मिळतं. उन्हाळ्यात स्टेडियमवरच सर्वसाधारण सभा भरते आणि संचालक निवडले जातात. उद्या संघ विकला तर पैसे धर्मादाय संस्थेला जातील अशी घटनेतच तरतूद आहे, त्यामुळे विकून कुणाचाच फायदा नाही. एवढ्याशा गावातून संघ इतकी वर्षं हलला नाही तो यामुळे. शेअरच्या प्रमाणपत्राचा फोटो फोनमध्ये ठेवा. माझा फोटो त्या रात्री हातोहात फिरला, आणि एका साखर कारखान्याच्या जुन्या सभासदाने चष्मा लावून तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.

थंडीबद्दल एक गोष्ट जरूर सांगा. ३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बेला डॅलसविरुद्ध अजिंक्यपदाची मॅच झाली तेव्हा तापमान उणे २५ अंश सेल्सिअस होतं. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या. शेवटच्या काही सेकंदांत पॅकर्सचा बार्ट स्टार, ज्याचं काम एरवी चेंडू फेकण्याचं, स्वतः चेंडू घेऊन घुसला आणि पॅकर्स २१-१७ ने जिंकले. गच्चीवर पंधरा अंशांत शाल पांघरून बसलेल्यांना हे ऐकवताना शेगडीत कोळसे वाढवा.

५. आठवडाभर आधीची तयारी

*कोबी.* बारीक चिरलेल्या एक किलो कोबीला वीस ग्रॅम मीठ, पाणी सुटेपर्यंत हाताने चोळा. बरणीत दाबून भरा, वर वजन ठेवा, कोबी सतत खाऱ्या पाण्याखाली राहायला हवा. कोल्हापूरच्या हवेत पाच ते सात दिवसांत छान आंबतो. वर आला तर बुरशी धरतो.

*मोहरी.* अर्धी वाटी पिवळी आणि अर्धी वाटी तांबडी मोहरी दीड वाटी व्हिनेगरमध्ये दोन दिवस भिजवा. मग मीठ आणि चमचाभर गूळ घालून वाटा. आई लोणच्याची मोहरी फेसते तशीच, फक्त पूर्ण मऊ न करता थोडी भरड ठेवायची. पहिल्या दिवशी नाकात जाते, तीन दिवसांनी निवते, म्हणून आधी करून ठेवा.

*चीज कर्ड.* हे मॅचच्या दिवशीच सकाळी करायचं. विस्कॉन्सिनमध्ये लोक चीजच्या कारखान्यात सकाळी जाऊन कर्ड घेतात, कारण ताज्या कर्डचा तुकडा चावला की दाताखाली कुईं असा आवाज होतो आणि तो दिवस-दोन दिवसांत जातो. दुधातल्या प्रथिनांचं कॅल्शियमने बांधलेलं जाळं दातांवर घासतं म्हणून तो आवाज. आंबटपणा वाढत गेला की जाळं सैल होतं. परदेशात ज्या चवीसाठी जीव तुटतो ती ही, आणि आपल्याकडे ती घरी जमते, याचा मला फार आनंद झाला.

सगळ्यात मोठी चूक दुधापाशी होते. आपल्या घरी दूध आलं की पहिल्यांदा उकळतं. उकळलेलं दूध रेनेटने नीट धरत नाही. टेट्रा पॅकमधलंही धरत नाही. आईला आदल्या रात्रीच सांगून ठेवा की हे पाच लिटर गायीचं दूध गॅसवर जाणार नाही. दूध सुटं, डेअरीतलं असेल तर ६३ अंशांवर अर्धा तास धरून ठेवा म्हणजे ते सुरक्षित होतं, आणि मग थंड करा. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं म्हशीचं दूध प्यायला अप्रतिम, पण कर्ड त्याचं घट्ट होतं, गायीचंच घ्या.

दूध ३२ अंशांवर आणा, ताजं, आंबट नसलेलं दही चार चमचे ढवळा आणि पाऊण तास ठेवा. रेनेट पाकिटावरच्या मापाने, उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून घाला, आणि पुढचा पाऊण तास भांडं हलवू नका. सुरी घालून उचलली तर काप स्वच्छ उघडायला हवा आणि फटीत पिवळसर निवळ दिसायला हवी. मग बोटाच्या पेराएवढे तुकडे कापा, पाच मिनिटं थांबा, आणि अर्ध्या तासात हळूहळू ३९ अंशांपर्यंत न्या, अधूनमधून हलक्या हाताने ढवळत. तुकडे रबरासारखे झाले की गाळा. गाळलेला गोळा कोमट पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात तासभर ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी उलटा. शेवटी शिजवलेल्या कोंबडीसारखा धाग्याधाग्यांनी फाटतो. बोटांनी फाडा आणि वजनाच्या दोन टक्के मीठ चोळा. पाच लिटरमधून साधारण अर्धा किलो निघतो.

अर्धा तसाच खायला ठेवा. अर्धा फ्रीजरमध्ये अर्धा तास गार करून, मैदा, थोडं कॉर्नफ्लोअर आणि गार सोडा घालून केलेल्या पातळ पिठात बुडवून कडक तेलात मिनिटभर तळा. त्याहून जास्त ठेवलंत तर चीज फुटून कढईत जातं.

६. ब्राट

ब्राटचं अमेरिकेतलं माहेर शेबॉयगन, मिशिगन सरोवराच्या काठचं जर्मन वस्तीचं गाव. तिथले लोक कोळशावर भाजण्याच्या कार्यक्रमालाच "ब्राट फ्राय" म्हणतात, तळण्याचा संबंध नसला तरी. मूळ ब्राट डुकराच्या मांसाचं. मित्र खात असतील तर तसंच करा, नसतील तर कोंबडीचं. अमेरिकेत काही ब्राटमध्ये गोमांस असतं. महाराष्ट्रात त्याला कायद्याने बंदी आहे, तेव्हा तो विचारच सोडा. गोव्याची चोरिस वापरू का, असं एकाने विचारलं. चोरिस सुंदर असते, पण तिचा व्हिनेगर आणि मिरची बाकी सगळं झाकते. ब्राट पांढरट आणि सौम्य असतं, त्यात जायफळ लागलं पाहिजे.

एक किलो कोंबडीच्या तंगडीचा खिमा घ्या, कातडीसकट, नाहीतर कोरडा होतो. त्यात १८ ग्रॅम मीठ, एक चमचा पांढरी मिरपूड, अर्धा चमचा जायफळ, अर्धा चमचा सुंठ, चिमूटभर शहाजिरे आणि मरवा. हो, गजऱ्यातला मरवाच. जर्मन लोक सॉसेजमध्ये घालतात ती मार्जोरम म्हणजे आपला मरवा. मला हे कळलं तेव्हा आईच्या तुळशीशेजारची कुंडी आठवून डोळे भरले होते. फुलबाजारातला घेऊ नका, त्यावर औषध मारलेलं असू शकतं. कुंडीतली दहा-बारा पानं पुरतात. शंभर मिली बर्फासारखं गार दूध घालून खिमा हाताला चिकटेपर्यंत मळा. हे मळणं टाळलंत तर ब्राट शेगडीवर भुगा होऊन पडतं.

आतड्याचं आवरण मिळणं कठीण. वीतभर लांब वळी करा, शेक दिलेल्या केळीच्या पानात पानगीसारखी गुंडाळा आणि मोदकपात्रात वीस-पंचवीस मिनिटं वाफवा. आतलं तापमान ७४ अंश व्हायला हवं. पान काढून, लोणी लावून, कोळशावर तपकिरी पट्टे उमटेपर्यंत भाजा. चिमट्यानेच उलटा, काटा टोचू नका.

विस्कॉन्सिनमध्ये भाजलेलं ब्राट बिअर, कांदा आणि लोण्याच्या मंद गरम रश्शात ठेवतात. बिअर घालणार असाल तर येणाऱ्यांना आधी सांगा. शिजवून सगळा अल्कोहोल उडतो ही समजूत चुकीची आहे. मी दोन पातेली केली, एकात बिअर आणि दुसऱ्यात कोंबडीचा अर्क व थोडा सफरचंदाचा रस. दुसरं आधी संपलं.

पाव मऊ नको. शेबॉयगनचा पाव वरून कडक, आतून मऊ, गोव्याच्या उंड्यासारखा. बेकरीत आदल्या दिवशी कडक पाव सांगून ठेवा. वर फेसलेली मोहरी, आंबवलेला कोबी, बारीक कच्चा कांदा. टोमॅटो केचप टेबलावर ठेवूच नका. शेबॉयगनचा माणूस ते बघून दुखावतो, आणि चवही मरते.

७. बूया: अमेरिकेतलं रस्सा मंडळ

ज्यांनी कोल्हापुरात रस्सा मंडळ (मित्रांनी मिळून रस्सा रांधायचा आणि जेवायचं) केलंय, त्यांना बूया एका वाक्यात कळतं. ग्रीन बेच्या परिसरात बेल्जियममधून आलेल्या वालोन शेतकऱ्यांची वस्ती आहे. चर्चच्या जत्रेला, सहलीला ते रात्रभर प्रचंड कढईत कोंबडी, गोमांस आणि भाज्या लाकडी वल्ह्याने ढवळत शिजवतात. सगळ्यांनी मिळून चिरायचं, पाळीपाळीने ढवळायचं, आणि सकाळी आपापली भांडी घेऊन रांगेत उभं राहायचं. तुम्ही बाकी काही केलं नाही आणि एवढंच केलं तरी संध्याकाळ जमते.

पंचवीस जणांसाठी: हाडांसकट तीन किलो कोंबडी, गोमांसाऐवजी एक किलो मटणाची हाडं, दीड किलो कांदा, दोन किलो बटाटा, एक किलो गाजर, एक मोठा कोबी, अर्धा किलो ओला मटार, एक किलो टोमॅटो, सेलरी मिळाली तर दोन जुड्या. दुपारी तीनला हाडं आणि कांदा पाण्यात चढवा. तासाभराने कोंबडी घाला, शिजली की काढून हाडं वेगळी करा. कोबी आणि गाजर आधी, बटाटा शेवटच्या तासात, कोंबडी आणि मटार उतरवायच्या अर्धा तास आधी. मीठ आणि मिरपूड, बाकी काही नाही. अमेरिकन पाककृतीत "बे लीफ" लिहिलेलं असतं. त्या जागी तमालपत्र टाकू नका. ते वेगळं झाड आहे, दालचिनीचा वास येतो आणि चव पुलावाकडे जाते.

इथे तुमचा खरा कस लागेल. सहाच्या सुमाराला कुणीतरी येऊन पळी चाखेल आणि म्हणेल, "यात काय राम नाही, चटणी टाकू?" ठाम राहा. कांदा-लसूण मसाल्याची वाटी बाजूला ठेवा आणि एकच अट घाला: पहिला वाडगा जसा आहे तसा प्यायचा, दुसऱ्यात हवं ते घाला. आमच्याकडे बहुतेकांनी दुसऱ्यात चटणी घातली. पण दादाचा एक मित्र, ज्याच्या हातचा पांढरा रस्सा अख्ख्या तालमीत नावाजलेला, त्याने तिन्ही वाडगे कोरे प्यायले. म्हणाला, "पांढऱ्याच्या घराण्यातलं आहे हे." मटणाच्या हाडांचा अर्क ओळखणाऱ्याचं ते मत होतं, मला त्याचं मोल वाटतं.

शाकाहारींसाठी लहान पातेलं वेगळं, पळी वेगळी, आणि ते आधी उतरवा.

८. मॅच लागल्यावर

नियम पाच मिनिटांच्या वर सांगू नका. हा जमीन मिळवण्याचा खेळ आहे. ज्याच्याकडे चेंडू, त्याला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. गेला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्याकडे. क्रिकेटमध्ये प्रत्येक चेंडूनंतर खेळ थांबतो, क्षेत्ररक्षण बदलतं, तसंच इथे. शेवटच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, सहा गुण. त्यानंतर लाथेने एक जादा गुण किंवा पुन्हा घुसून दोन. लांबून लाथेने खांबांमधून मारला तर तीन. बाकीचं खेळ बघता बघता कळतं.

एक माणूस फक्त प्रश्नांसाठी ठेवा, तो चुलीपाशी नको. आमच्याकडे ती जबाबदारी माझ्या पंधरा वर्षांच्या मुलाने घेतली आणि काकालोकांनी त्याला "सर" म्हणायला सुरुवात केली.

पॅकर्सच्या खेळाडूने टचडाउन केलं की तो प्रेक्षकांच्या कठड्यावर उडी मारतो, आणि लोक त्याला छातीशी धरतात. याला लॅम्बो लीप म्हणतात. २६ डिसेंबर १९९३ ला लिरॉय बटलरने पहिल्यांदा मारली. ही दिसली की गच्चीवर आवाज होणारच, म्हणून शेजाऱ्यांना आधी सांगा आणि शक्यतो त्यांनाही बोलवा. मध्यंतर एकच्या सुमाराला येतं. ज्यांना जायचं त्यांना तेव्हा निरोप द्या, आग्रह करून थांबवू नका.

९. परत येताना

आपलं देणं-घेणं एकतर्फी राहू नये म्हणून मी दरवर्षी कोल्हापूरहून दोन किलो कांदा-लसूण मसाला आणते. तेलकट असतो, म्हणून दुहेरी सीलबंद पिशवीत आणि डब्यात. अमेरिकेत उतरताना खाद्यपदार्थ आणल्याचं कस्टम्सला सांगा, विचारलं तर उघडून दाखवा. माझा मसाला अजून अडलेला नाही. ग्रीन बेला स्टेडियमसमोरच्या घरांची अंगणं मॅचच्या दिवशी पार्किंगला भाड्याने देतात. आम्ही जिथे गाडी लावतो तिथले आजोबा शेगडी मांडून असतात. गेल्या जानेवारीत त्यांच्या ब्राटवर मोहरीच्या जागी मी चमचाभर मसाला लोण्यात कालवून लावला. त्यांनी अर्धं खाल्लं, टोपी काढून कपाळ पुसलं आणि उरलेली वाटी आपल्या बाजूला ओढून घेतली.